माझी पडताळणी : कोल्हापूरचे मेडिकल ते टेक्ससची फार्मसी

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका मेडिकलमध्ये मी २००९ ते २०१३ अशी चार वर्षे नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभी होते. ‘उभी होते’ असे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या काळात कितीतरी दुकानांत फार्मासिस्टचे फक्त प्रमाणपत्र भिंतीवर असे आणि ते ज्याचे असे तो माणूस दुसरीकडे कुठे एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून फिरत असे किंवा गावी शेती पाहत असे. पुढे नऊ वर्षांनी, डॅलसजवळच्या अर्विंग शहरात राहत असताना, मी टेक्सस राज्यात फार्मसी टेक्निशियन, म्हणजे फार्मासिस्टच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून नोंदणी व्हावी यासाठी अर्ज केला. तेव्हा माझ्या पदवीला जवळपास काहीच किंमत उरली नव्हती; मात्र माझ्या बोटांचे ठसे, माझे जुने नाव आणि माझ्या लघवीचा नमुना यांची कसून तपासणी झाली. या सगळ्यात काय काय घडले ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण महाराष्ट्रातून इकडे आलेल्या आणि बी. फार्म. झालेल्या अनेक जणी हाच मार्ग धरतात, आणि त्यात नेमके अडायला कुठे होते हे आधी सांगणारे कोणी भेटत नाही.

माझी शिवाजी विद्यापीठाची बी. फार्म. २००८ सालची. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे माझी नोंदणी झाली ती मूळ गुणपत्रिका आणि राहण्याचा दाखला पाहून. माझ्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, हे तपासण्यासाठी कोणी माझे ठसे घेतल्याचे मला आठवत नाही. इकडे आल्यावर फार्मासिस्टच व्हावे असे मनात होते, परंतु परदेशी पदवीधरांसाठी असलेली परीक्षा द्यायची, तर १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो, आणि आपली बी. फार्म. चार वर्षांची. त्यामुळे ते दार माझ्यासाठी बंदच होते. यजमानांच्या ग्रीन कार्डच्या अर्जातला आवश्यक टप्पा पूर्ण झाला आणि जून २०२२ मध्ये माझ्या हातात काम करण्याची परवानगी देणारे ईएडी कार्ड आले, तेव्हा मी टेक्निशियन व्हायचे ठरवले. त्यासाठी शिक्षणाची अट बारावीपर्यंतचीच आहे. माझ्या बारावीच्या प्रमाणपत्राचे मूल्यमापन एका संस्थेकडून करून घेतले आणि तेवढ्यावर शिक्षणाचा रकाना भरून निघाला. चार वर्षे शिकलेले औषधशास्त्र त्या अर्जात कुठेच बसत नव्हते, याचे मला वाईट वाटले आणि ते मी लपवणार नाही.

टेक्सस स्टेट बोर्ड ऑफ फार्मसीकडे, म्हणजे राज्याच्या फार्मसी मंडळाकडे, आधी शिकाऊ टेक्निशियन म्हणून नोंदणी करावी लागते. ती दोन वर्षांच्या मुदतीची असते, आणि ती झाल्याशिवाय फार्मसीत कोणत्याही औषधाला हात लावता येत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यात अटक, खटला, शिक्षा यांबद्दल थेट प्रश्न विचारलेले असतात, आणि खोटे उत्तर दिल्यास तेवढ्याच कारणावरून नोंदणी नाकारली जाऊ शकते. अर्जानंतर राज्याने नेमलेल्या केंद्रात जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यायचे. ते राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे आणि तिथून एफबीआयकडे जातात.

माझे पहिले ठसे परत आले. त्यावरच्या रेषा पुरेशा स्पष्ट उमटल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे भांडी घासून, त्यातच कोरड्या हवेने आणि करोनाच्या काळात सतत लावलेल्या सॅनिटायझरने माझ्या बोटांची टोके गुळगुळीत झाली होती, असे केंद्रावरच्या बाईंनी माझा हात हातात धरून सांगितले. “आठवडाभर रोज रात्री हातांना क्रीम लावा, भांडी घासताना मोजे घाला आणि मग या,” असे त्या म्हणाल्या. दोनदा ठसे नाकारले गेले तर एफबीआयकडून नावावरून तपासणी करून घेण्याची सोय आहे, असेही त्यांनी सांगितले, पण मला ती नको होती. मला तेव्हा ते नीट शब्दांत सांगता आले नसते. तरी नावावर विसंबण्यापेक्षा बोटावर विसंबणे बरे, एवढे मला आतून वाटत होते, आणि पुढे ते खरेच ठरले. दुसऱ्या खेपेला ठसे उमटले. सप्टेंबरच्या शेवटी मंडळाच्या संकेतस्थळावर माझे नाव शिकाऊ टेक्निशियन म्हणून दिसू लागले. तिथे कोणीही, अगदी एखादा रुग्णसुद्धा, काउंटरवरच्या माणसाची नोंदणी चालू आहे की नाही हे पाहू शकतो.

त्यानंतर एका मोठ्या साखळीतल्या फार्मसीने मला नोकरी देऊ केली, ती अर्थात पडताळणीच्या अटीवर. सरकारी मंडळाने एकदा तपासले म्हणजे झाले, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. मालकाची तपासणी वेगळी असते आणि ती बहुधा एखाद्या खाजगी संस्थेमार्फत होते. त्यासाठी माझी लेखी संमती एका स्वतंत्र कागदावर घेतली गेली; अशा खाजगी अहवालांचे नियम ठरवणाऱ्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार ती तशी वेगळीच घ्यावी लागते. अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, म्हणजे डीईएच्या, नियमावलीत कर्मचाऱ्याला विचारावेत असे सुचवलेले प्रश्नही त्यात होते. गेल्या पाच वर्षांत गंभीर गुन्ह्यासाठी किंवा दोन वर्षांत किरकोळ गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय गुंगीची किंवा उत्तेजक औषधे जाणूनबुजून घेतली आहेत का, असे ते प्रश्न. याशिवाय सरकारी आरोग्य योजनांमधून वगळलेल्या व्यक्तींची जी केंद्रीय यादी असते, तिच्याशीही माझे नाव ताडून पाहिले गेले.

खरी अडचण ‘यापूर्वी वापरलेली सर्व नावे’ या रकान्यापासून सुरू झाली. आमच्या घरी लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत आहे. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले जाते, आणि त्या दिवसापासून माझे पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव ही तिन्ही बदलली. पुढे राजपत्रात नोंद करून मी पासपोर्टही नव्या नावाने काढला. परंतु दहावीपासून फार्मसी कौन्सिलपर्यंतचे सगळे कागद माहेरच्या नावाचे राहिले. मधल्या नावाच्या जागी आधी वडिलांचे आणि मग नवऱ्याचे नाव येते, हे पडताळणी करणाऱ्या संस्थेच्या फोनवरच्या मुलीला मी तीन वेळा समजावून सांगितले. तिला ते माझे टोपणनाव वाटत होते. शेवटी मी दोन्ही पूर्ण नावे, ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरली हे लिहून, विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्राची प्रत यांसह पाठवली. ज्यांना हे पुढे करायचे आहे त्यांनी ही तारीखवार यादी आधीच तयार ठेवावी, असे मी कळकळीने सांगते.

मग जुन्या नोकरीची खातरजमा. संस्थेने कोल्हापूरच्या दुकानात फोन केला तो तिथल्या मध्यरात्री, आणि तोही बंद पडलेल्या लँडलाइनवर. पगाराच्या पावत्या मागितल्या गेल्या. मला पगार दर महिन्याला पाकिटातून रोख मिळत असे, पावत्या असण्याचा प्रश्नच नव्हता. मी धाकट्या भावाला दुकानात पाठवले. मालक काका आता थकले आहेत, दुकान त्यांचा मुलगा पाहतो. भावाने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. “ताई, पावती कसली नाही, पण काका म्हणतायत तुझं नाव लायसनवर आहे, ते चालेल का?” असे तो म्हणाला, आणि काकांनी लोखंडी कपाटातून औषधविक्रीचे नमुना २० आणि २१ चे जुने परवाने बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर धरले. अन्न व औषध प्रशासनाच्या शिक्क्याखाली दुकानाची जबाबदारी असलेल्या पात्र व्यक्तीचे नाव लिहिलेले होते, आणि ते माझे होते, माहेरचे, संपूर्ण. काका म्हणाले, “पोरी, तुझ्या सहीची बिलबुकं पण सापडतील बघ, शोधतो.” इतकी वर्षे तो कागद मी रोज भिंतीवर पाहिला होता, पण कधीतरी तो माझ्या बाजूने साक्ष देईल असे वाटले नव्हते.

मादक द्रव्यांची चाचणी लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवसांनी, म्हणजे २६ ऑक्टोबरला ठरली. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी अनारसे पाठवले होते, आणि अनारसे म्हटले की खसखस आलीच. खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिनचा अंश राहतो आणि त्यामुळे लघवीच्या चाचणीत अफूजन्य पदार्थ सापडल्यासारखे दिसू शकते. याच कारणासाठी केंद्रीय चाचण्यांमधली मर्यादा १९९८ साली प्रति मिलिलिटर ३०० नॅनोग्रॅमवरून २००० नॅनोग्रॅमवर नेण्यात आली, पण खाजगी मालक कमी मर्यादा ठेवू शकतात. फार्मसीत नोकरी मागणाऱ्या व्यक्तीच्या नमुन्यात मॉर्फिन दिसणे म्हणजे काय, हे मला पुरेपूर माहीत होते. त्या दिवाळीत मी अनारशाचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही आणि खसखस घातलेले वाटणही घरात केले नाही. चाचणी निर्वेध पार पडली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र एक पत्र आले, आणि ते वाचून माझे हातपाय गार पडले. नोकरी नाकारण्याचा विचार चालू आहे, सोबत तुमचा अहवाल आणि तुमचे हक्क जोडले आहेत, असे त्यात होते. अहवालात दुसऱ्या एका राज्यातील एका काउंटीमधला २०११ सालचा चोरीचा किरकोळ गुन्हा माझ्या नावावर दाखवला होता. पहिले नाव तेच, आडनाव तेच, जन्मवर्ष तेच. आमचे सासरचे आडनाव महाराष्ट्रात गावोगावी सापडणारे आहे आणि माझे लग्नानंतरचे पहिले नावही अनेकींचे असते. यजमान म्हणाले, “अगं, यात घाबरण्यासारखं काय आहे, तू तेव्हा या देशातच नव्हतीस.” ते खरे होते, पण ते सिद्ध करायचे होते मला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. औषधाच्या दुकानात चोरीचा डाग घेऊन कोणी पाऊल टाकू शकत नाही. मी स्वतः दुकानात असते तर अशा माणसाला घेतले नसते.

मी आधी असा मुद्दा मांडला की राज्याच्या मंडळाने ठशांवरून केलेल्या तपासणीत काहीही निघालेले नाही. त्यावर उत्तर आले की ठशांचा अहवाल मंडळापुरताच असतो, तो खाजगी संस्थेला पाहता येत नाही. म्हणजे एकाच माणसाबद्दल दोन तपासण्या झाल्या, त्यातली अचूक होती ती कुलपात राहिली आणि जी नुसती नावावर बेतलेली होती तिच्यावर माझी नोकरी अडली. ही रचना मला आजही चुकीची वाटते. या व्यवस्थेचा मी आदर करते, तरी हा दोष सांगितलाच पाहिजे. पण फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टमुळेच मला अहवालाची प्रत नोकरी जाण्याआधी मिळाली, आणि हरकत घेतल्यावर साधारण तीस दिवसांत फेरतपासणी करणे त्या संस्थेवर बंधनकारक होते. प्रत मिळाली नसती तर नोकरी का गेली हे मला कधीच कळले नसते.

हरकतीचे पत्र मी दोन दिवस बसून लिहिले. २०११ साली ज्या नावाच्या बाईवर खटला झाला, ते नाव त्या वर्षी माझे नव्हतेच. ते मला २०१३ च्या डिसेंबरात लग्नात मिळाले, याला राजपत्र पुरावा. अमेरिकेत मी पहिल्यांदा आले ती २०१५ मध्ये, याला पासपोर्टवरचा शिक्का पुरावा. आणि २०११ साली मी कोल्हापुरात होते, याला औषध परवाना आणि काकांनी शोधून काढलेल्या त्या वर्षीच्या बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरच्या माझ्या सह्या. बाराव्या दिवशी दुरुस्त अहवाल आला. तो गुन्हा काढून टाकला होता. माफी वगैरे काही नव्हती, आणि मला ती नकोही होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी मी कामावर रुजू झाले.

पहिल्या दिवशी मुख्य फार्मासिस्टने मला एक कुलूपबंद कपाट दाखवले. त्यात शेड्यूल दोनमधली, म्हणजे गैरवापराचा मोठा धोका असल्याने कडक नियंत्रणाखाली ठेवलेली, औषधे होती. हायड्रोकोडोन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या संयुक्त गोळ्या २०१४ मध्ये तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत आणल्या गेल्या. त्या इथे दोनदा मोजल्या जातात आणि प्रत्येक गोळीचा हिशेब लागतो. त्या फार्मासिस्ट मला म्हणाल्या की इथून औषध चोरीला जाते ते बहुतेक वेळा दुकानातल्याच हातांनी. मला कोल्हापुरातले दिवस आठवले. अल्प्राझोलाम या गुंगी आणणाऱ्या औषधाची पट्टी चिठ्ठीशिवाय मागणारी मुले रोज येत, मी नाही म्हटले की शेजारच्या दुकानात जात, आणि तिथे काउंटरवर जो उभा असे त्याचे नाव त्या दुकानाच्या परवान्यावर नसे. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे याची कडक तपासणी सुरू केली तेव्हा औषध विक्रेत्यांमध्ये मोठी खळबळ उडाली. मला मात्र त्या काळात पहिल्यांदाच आपल्या उभे राहण्याला अर्थ आहे असे वाटले होते.

तरीही ठसे आणि गुन्ह्यांची नोंद तपासली म्हणजे सगळे साधले, असे मी म्हणणार नाही. २००६ साली ओहायोतील क्लीव्हलँडमध्ये एमिली जेरी ही दोन वर्षांची मुलगी दगावली, कारण तिच्या केमोथेरपीच्या सलाइनमध्ये मिठाचे प्रमाण ०.९ टक्क्यांऐवजी वीस टक्क्यांहून अधिक झाले होते. ते मिश्रण एका टेक्निशियनने तयार केले होते आणि फार्मासिस्टच्या नजरेतूनही ती चूक सुटली. तेव्हा ओहायोमध्ये टेक्निशियनला ना परीक्षेची सक्ती होती ना प्रशिक्षणाची. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २००९ मध्ये झाला. अशी चूक कुठल्याही पोलिसी नोंदीत आधी सापडत नाही, ती अडते शिक्षणाने. म्हणूनच पूर्ण टेक्निशियन होण्यासाठी द्यावी लागणाऱ्या प्रमाणन परीक्षेकडे मी एक उपचार म्हणून पाहिले नाही. नव्वद प्रश्न, एक तास पन्नास मिनिटे, १००० ते १६०० च्या मोजपट्टीवर १४०० ला उत्तीर्ण. पॅरासिटामोलला ॲसिटामिनोफेन आणि साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणायची जिभेला सवय लावली. नियंत्रित औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरला जो डीईए क्रमांक मिळतो, त्यातला पहिला, तिसरा आणि पाचवा अंक मिळवून, त्यात दुसरा, चौथा आणि सहावा यांच्या बेरजेची दुप्पट घातली की येणाऱ्या संख्येचा शेवटचा अंक सातव्या अंकाशी जुळला पाहिजे, हे गणित मी स्वयंपाक करतानाही तोंडी करत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये मी उत्तीर्ण झाले आणि मंडळाने माझी शिकाऊ नोंदणी बदलून पूर्ण टेक्निशियनची केली.

त्यानंतर काही महिन्यांनी कोल्हापूरहून एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या पुतण्याला तालुक्याच्या गावी मेडिकल टाकायचे होते. माझी महाराष्ट्रातली नोंदणी मी अजून चालू ठेवली आहे हे त्यांना कळले होते. “ताई, तुमचं सर्टिफिकेट तिथे नुसतं पडूनच आहे, दर महिन्याला खात्यावर पैसे टाकतो, तुम्हाला काही करायला लागणार नाही,” असे ते अगदी सहजपणे म्हणाले. मी त्यांना नाही म्हटले. त्यांच्याच गावाजवळ डी. फार्म. झालेली माझ्या एका मैत्रिणीची बहीण घरी बसून आहे, तिला पूर्ण वेळ पगारावर घ्या, ती दुकानात उभी राहील, असे सांगून मी तिचा नंबर पाठवण्याची तयारी दाखवली. ते बघतो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नंबर मात्र त्यांनी अजून मागितलेला नाही.